फारखत कोणी द्यावी?

सतराव्या शतकात हिंदुस्थानातील कोणत्याही नामांकित पेठेत बसून सराफाने लिहिलेली हुंडी जर कोठे हमखास पटत असेल, तर ती तापीकाठच्या सुरत बंदरात. ज्याँ बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या शोधात या देशात अनेकदा आला आणि कोणत्याही मुरलेल्या धंदेवाल्याप्रमाणे त्याने पैशाच्या वाटा आधी पाहून ठेवल्या. लाहोर, आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडे, पाटणा, ढाका अशा दूरदूरच्या ठिकाणांहून सुरतेवर हुंड्या निघतात, त्यांची मुदत बहुधा दोन महिन्यांची असते आणि हुंडणावळ अंतराच्या व धोक्याच्या मानाने चढते, असे त्याने लिहून ठेवले आहे. अहमदाबादेहून एक ते दीड टक्का असलेली ही हुंडणावळ ढाक्याहून दहापर्यंत जाते, हेही सांगावयास तो विसरत नाही. सुरतेच्या वैभवाची कथा सांगताना आपले लेखक विरजी व्होरा या धनाढ्य व्यापाऱ्याच्या कोठारांवर आणि १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी घेतलेल्या त्यांच्या झडतीवर येऊन थांबतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या शहराचे खरे बुद्धिवैभव कोठारांत नसून चोपड्यांत होते, आणि चोपडीतली पत घोड्यावर लादून नेता येत नाही.

हुंडी लिहिण्याची रीतच पाहण्याजोगी आहे. रक्कम एकदा आकड्यात घालून भागत नसे. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार, अशी ती फिरवून लिहीत, म्हणजे पुढे कोणी आकड्यावर एक शून्य चढवलेच तर निमे त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राही. दर्शनी हुंडी दाखवताच पटे, मुद्दती हुंडी मुदत भरल्यावर. धनीजोग हुंडीचे पैसे नावाच्या धन्याला मिळत, शहाजोग हुंडीचे मात्र बाजारात शहा म्हणून मान्यता असलेल्या कोणाही प्रतिष्ठित पेढीवाल्याला, आणि पुढे ती हुंडी खोटी ठरली तर तोच शहा पैसे व्याजासह परत करावयास बांधलेला असे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर लिहिणारा पेंठ देई, पेंठही गेली तर परपेंठ, आणि तीही हरवली तर गावच्या पंचांचे पत्र. पेंठेत मूळ हुंडीचा आणि परपेंठेत दोहोंचा उल्लेख करून, आधीच्या कागदावर पैसे दिले नसतील तरच यावर द्यावेत, असे स्पष्ट बजावलेले असे. ज्या शहराने १६६४ आणि १६७० अशा दोन स्वाऱ्या पाहिल्या आणि ज्याने पुढे १८३७ साली आधी आग व मग तापीचा पूर असे दोन्ही एकाच वर्षात सोसले, तेथे एकाच कागदावर सर्व भिस्त ठेवणारा सराफ फार दिवस टिकला नसता.

म्हणजे देणे एक, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे कागद तीन किंवा चार. शिवाय प्रत्येक कागद हातोहात फिरणारा. यांपैकी एकावर पैसे चुकते झाले की उरलेले सर्व त्याच क्षणी निर्जीव व्हावयास हवेत. पटलेल्या हुंडीच्या पाठीवर भरपाई लिहून घेत आणि ती खोखा म्हणून दप्तरी पडे. खोख्याला किंमत नाही, परंतु तो नसेल तर देणे मेले की जिवंत हे सिद्ध करण्यास दुसरे साधन नाही. येथे दोन अनर्थ संभवतात. मेलेल्या हुंडीवर पुन्हा पैसे दिले गेले तर पेढी बुडण्याचा प्रसंग. आणि कोणी सादरच न केलेली हुंडी चोपडीत वर्षानुवर्षे देणे म्हणून पडून राहिली तर पेढी बुडत नाही, पण तेवढे भांडवल अडकून राहते. पहिला अनर्थ तत्काळ मारतो आणि दुसरा हळूहळू. सुरतेच्या सराफांनी या दोहोंचा जो बंदोबस्त केला, तो इतका पक्का होता की १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट करताना इंग्रज सरकारने पहिल्याच कलमात देशी भाषांतील अशा कागदांपुरते स्थानिक वहिवाटीला अबाधित ठेवले.

ही सगळी प्रस्तावना मी हुंडीसाठी केलेली नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्याला त्या विद्येतील लोक कर्नेल म्हणतात, त्याच्या इतिहासात हाच प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे, आणि तो कसकसा सुटत, चिघळत आणि पुन्हा सुटत गेला याचा वृत्तांत मराठीत मला कोठे सलग वाचावयास मिळाला नाही. कर्नेलच्या स्मरणभांडारात उघडलेली फाइल, जोडलेले यंत्र, चालू असलेले काम, जाळ्यावरील संभाषण अशा सहस्रावधी वस्तू क्षणोक्षणी निर्माण होतात. एकेका वस्तूकडे अनेक ठिकाणांहून संदर्भ जातात. आणि शेवटचा संदर्भ सुटताच ती वस्तू मोडून तिची जागा सरकारजमा करावी लागते. आधी मोडली तर जो अजून तिच्याकडे पाहतो आहे तो परक्याच्या जागेत लिहू लागतो. कधीच मोडली नाही तर भांडार गळून गळून रिकामे होते. यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रत्येक वस्तूवरच एक आकडा ठेवणे: संदर्भ घेणाऱ्याने तो एकाने वाढवावा, सोडणाऱ्याने एकाने उतरवावा, आणि शून्य झाले की फारखत.

हा उपाय छापून प्रथम पुढे आला तो जॉर्ज कॉलिन्स या गणितज्ञाच्या डिसेंबर १९६० च्या निबंधात. आयबीएममध्ये असताना याद्यांच्या रूपात बीजगणित हाताळण्याचे काम तो करीत होता आणि दोन याद्यांचा काही भाग सामाईक असला तर एक पुसताना दुसरीचे काय करावे, ही त्याची अडचण होती. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी याने लिस्प भाषेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात अगदी उलट मार्ग सांगितला होता: हिशेब ठेवूच नये, जागा संपली की सगळे काम थांबवून कोणती वस्तू कोणाच्या पोहोचेत आहे याची झडती घ्यावी आणि उरलेले झाडून टाकावे. कॉलिन्सच्या मार्गातील मर्म मॅकबेथ नावाच्या लेखकाने १९६३ साली एका छोट्या पत्रात उघडे केले: दोन वस्तू परस्परांकडेच बोट दाखवीत असतील तर बाहेरचे सर्व सोडून गेले तरी कोणाचाच आकडा शून्य होत नाही. हे व्यंग आजही गेलेले नाही. पण कर्नेलला मॅकार्थीची झडती परवडण्यासारखी नव्हती. ज्याच्यावर सर्व यंत्राची घटका-पळे चालतात त्याने मधेच हात थांबवून केर काढावयास बसावे, हे कोणालाच रुचले नसते. म्हणून कर्नेलकारांनी कॉलिन्सचा मार्ग धरला.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून उभारलेल्या युनिक्समध्ये हा हिशेब विलक्षण नेटका दिसतो. त्यांच्या रचनेत फाइलचे नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी. नाव निर्देशिकेत राहते, फाइल आय-नोड नावाच्या नोंदीत, आणि एका आय-नोडला कितीही नावे असू शकतात. तबकडीवरच्या नोंदीत नावांची संख्या, आणि स्मरणात आणलेल्या तिच्या प्रतीवर चालू वापराची संख्या, असे दोन आकडे. दोन्ही शून्य झाल्यावाचून फाइल मरत नाही. याचा परिणाम असा की चालू कार्यक्रमाने उघडून धरलेली फाइल तुम्ही पुसली तर नाव जाते, फाइल राहते. आजही एखाद्या कचेरीत तबकडी भरली म्हणून नवखा प्रशासक दहा गिगाबाइटची नोंदवही पुसतो आणि जागा मात्र तसूभरही मोकळी होत नाही. मग कोणी जुना जाणकार येऊन ती वही धरून बसलेला कार्यक्रम बंद करतो, आणि जागा त्याच निमिषात सुटते. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर जे ओळीओळीचे भाष्य विद्यार्थ्यांसाठी लिहिले, त्यात आकडा वाढवणारी आणि उतरवणारी ही दोन कार्ये वाचताना आजच्या वाचकाला त्यांच्या साधेपणाचा हेवा वाटतो. तो साधेपणा परिस्थितीने दिलेला होता; प्रोसेसर एकच असे आणि कर्नेलचे काम मधेच दुसऱ्या कामासाठी खुडले जात नसे, म्हणजे जणू एकच कारकून आणि एकच चोपडी.

मायक्रोसॉफ्टमध्ये १९८८ नंतर डेव्ह कटलर याच्या हाताखाली विंडोज एनटी रचताना सर्व वस्तू एकाच खात्याच्या ताब्यात देण्यात आल्या आणि प्रत्येकीवर दोन आकडे, बाहेरच्या कार्यक्रमांनी धरलेल्या मुठींचा एक आणि आतल्या संदर्भांचा एक, असे ठेवण्यात आले. तो मार्ग केंद्रसत्तेचा होता. लिनक्सचा मार्ग वेगळा पडला, आणि आपल्या वृत्तांताचा रसाळ भाग तोच आहे.

लिनुस टोरवाल्ड्स याने हेलसिंकीत १९९१ साली आरंभलेल्या या कर्नेलमध्ये ज्याने त्याने आपापल्या वस्तूवर आपापला आकडा ठेवला; आकड्याचे नाव वेगळे, वाढवण्याची रीत वेगळी, शून्यानंतर काय करावयाचे तेही वेगळे. १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसरांची सोय आली, तरी त्या वेळी सर्व कर्नेलला एकच मोठे कुलूप असे आणि ते ज्याच्या हाती तोच आत, त्यामुळे हा पसारा चालून गेला. मग ते कुलूप वर्षानुवर्षे थोडेथोडे करून काढण्यात आले, अगदी शेवटचा अवशेष २०११ साली निघाला, आणि जसजसे ते निघत गेले तसतसा आतापर्यंत निरुपद्रवी वाटलेला आकडा दोन कारकुनांनी एकाच वेळी वाचून एकाच वेळी खोडण्याचा धोका प्रत्यक्ष होऊ लागला.

यातला सर्वांत उद्बोधक प्रसंग मॉड्यूलांचा. कर्नेल चालू असतानाच त्याला जोडता आणि काढता येणारे जे भाग, त्यांची मोजणी २.४ आवृत्तीपर्यंत मॉड्यूल स्वतःच करीत असे: आपल्या दारात कोणी आले की आपला आकडा आपणच वाढवावा, गेले की उतरवावा. वरवर पाहता याहून न्याय्य व्यवस्था कोणती? पण आकडा वाढवण्याची आज्ञा ज्या कार्यात लिहिलेली आहे ते कार्य मॉड्यूलच्याच पोटात असल्यामुळे, त्या कार्याच्या पहिल्या अक्षरापाशी पोहोचेपर्यंत दुसऱ्या प्रोसेसरवर त्या मॉड्यूलला फारखत मिळालेली असू शकते. आणि आकडा उतरवल्यावरही बाहेर पडण्याच्या दोनचार आज्ञा उरतातच, त्या कोणाच्या भूमीवर चालावयाच्या? ज्याचे अस्तित्वच संशयित आहे त्याने आपल्या अस्तित्वाचा दाखला द्यावा, असा हा प्रकार होता. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन कर्नेलकाराने २००२ साली ही सर्व व्यवस्था नव्याने लिहिली आणि मोजणी बोलावणाऱ्याच्या हाती दिली: आत जाण्यापूर्वी बाहेर उभे राहूनच परवानगी मागावयाची, आणि मॉड्यूल निघण्याच्या वाटेवर असेल तर ती मिळणार नाही. मॉड्यूल एकदा चढवले की उतरवूच नये, असाही पक्ष त्या वेळी गांभीर्याने मांडला गेला होता. मला तो आळसाचा वाटत नाही, कारण जी गोष्ट कधी मरत नाही तिच्या मरणाचा हिशेब ठेवावा लागत नाही.

रसेलची ही युक्ती नेमकी शहाजोग हुंडीचीच होती. कागद आपल्या खरेपणाची ग्वाही देत नसे. तो सादर करणारा शहा देत असे, आणि म्हणून हातोहात किती फिरला याची मोजदाद बाजाराला ठेवावी लागत नसे.

यानंतरचा काळ यूएसबीचा. पूर्वी यंत्राला जोडलेले उपकरण यंत्र बंद केल्यावाचून सहसा कोणी काढत नसे. आता लोक पेनड्राइव्ह वाटेल तेव्हा उपटू लागले. समजा, तीवरची एक फाइल उघडी आहे आणि कोणी ती ड्राइव्ह हिसकून काढली. ड्राइव्ह तर गेली, पण तिच्याकडे बोट दाखवणारी उघडी फाइल, उपकरण चालवणाऱ्या चालक-कार्यक्रमाची नोंद, व्यवस्थापनाच्या झाडातील पान हे सर्व मागे आहेत, आणि यांतला शेवटचा कोण हे उपटणाऱ्याला ठाऊक नाही, कर्नेललाही आधी सांगता येत नाही. प्रत्येक चालकाने या प्रसंगाला आपापले उत्तर लिहिले होते आणि त्यांतली कित्येक चुकीची होती. त्या वेळी आयबीएममध्ये असलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन याने २००४ साली के-रेफ नावाची इवलीशी रचना कर्नेलमध्ये आणली आणि त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत तिच्यावर निबंध वाचला. तीत एक आकडा आणि तीन कार्ये, आरंभ करणे, घेणे, सोडणे. शून्य झाल्यावर वस्तू मोडण्याचे जे कार्य, तेही तिलाच कळवून ठेवावयाचे. आरंभी मोडणाऱ्या कार्याचा पत्ता वस्तूतच साठवला जाई. लवकरच तो काढून सोडणाऱ्याने सोडताना सांगावा असे ठरले, कारण लक्षावधी वस्तूंत प्रत्येकी काही बाइट हीदेखील कर्नेलमध्ये खैरात समजली जाते.

के-रेफबरोबर कोरी मिन्यार्ड याने जे छोटे नियमपत्रक लिहिले, त्यातील दोन नियम कोणालाही सुचतील असे आहेत: संदर्भ दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी आकडा वाढवा, आणि काम संपले की सोडा. तिसऱ्यात मात्र सगळी गोम आहे. ज्याच्या हाती अगोदर वैध संदर्भ नाही आणि जो एखाद्या यादीत शोधून वस्तूला प्रथमच हात घालू पाहतो, त्याने तेवढ्या वेळात दुसरा कोणी शेवटचा संदर्भ सोडणार नाही असा बंदोबस्त स्वतंत्रपणे केला पाहिजे. हा बंदोबस्त आकडा करू शकत नाही. सराफाच्या भाषेत सांगावयाचे तर पेंठ समोर आली म्हणजे तिच्यावरील मजकूर कितीही शुद्ध असो, चोपडी उघडून मूळ हुंडी पटली आहे काय हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत, आणि आपण चोपडी पाहत असताना शेजारच्या गादीवरचा गुमास्ता मूळ हुंडी पटवीत नाही ना, हेही पाहावे.

या तिसऱ्या नियमाचे सर्वांत मनोहर उत्तर ओरेगन राज्यातील सीक्वेंट कंपनीच्या यंत्रांवर १९९० च्या दशकात पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी शोधले होते, आणि सीक्वेंट आयबीएमने विकत घेतल्यावर ते लिनक्सकडे आले. आरसीयू असे त्याचे नाव. वाचणाऱ्याने मोजणी करूच नये; वस्तू मोडणाऱ्याने ती आधी यादीतून काढावी, मग जे आधीपासून आत होते ते सर्व वाचक एकदा बाहेर पडून गेले अशी खातरजमा होईपर्यंत थांबावे, आणि नंतरच जागा जमा करावी. नवे वाचक येऊ शकत नाहीत, कारण वाट तुटली आहे. जुने किती होते हे मोजण्याचे कारण नाही, कारण सर्वच जाणार आहेत. जुलै २००१ मध्ये ओटावा येथे या पद्धतीवर जो निबंध वाचला गेला त्याच्या सात लेखकांत दीपंकर सर्मा आणि मनीष सोनी हे आयबीएमच्या भारतातील गटाचे दोघे होते. ऑक्टोबर २००२ च्या २.५.४३ आवृत्तीत आरसीयू लिनक्समध्ये रुजू झाले, फाइलींच्या वाटा शोधणाऱ्या निर्देशिका-संग्रहाला ते लावण्याचे काम सोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि २००५ साली उघड्या फाइलींच्या कोष्टकातून कुलूप काढण्याचे काम सर्मा यांनी. निर्देशिका-संग्रहात अडचण गतीची होती. प्रत्येक फाइलची वाट मूळ निर्देशिकेतून जाते, तेव्हा सर्व प्रोसेसर त्या एकाच वस्तूचा आकडा वाढवू-उतरवू लागले की तो आकडा ज्या स्मरणओळीत आहे ती ओळ एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे ओढली जाण्यातच वेळ जातो. काम कमी आणि हिशेब फार. संपूर्ण वाट एकही आकडा न हलवता चालण्याची सोय पुढे निक पिगिन याच्या परिश्रमाने २०११ च्या २.६.३८ आवृत्तीत झाली.

इतके झाल्यावरही माणसाचा विसरभोळेपणा राहिलाच. लिनक्समध्ये किल्ल्यांचे जुडगे नावाची एक वस्तू असते, जिच्यात कार्यक्रमाची गुपिते ठेवतात. नावाने जुडगे मागितले की ते शोधणारे कार्य त्याचा आकडा एकाने वाढवून देते. मागणाऱ्याकडे तेच जुडगे आधीपासून असेल तर काही करावयाचे उरत नाही, म्हणून लिहिणाऱ्याने यश कळवून कार्याच्या शेवटाकडे उडी मारली. वाढवलेला एक उतरवावयाचा राहिला. २०१३ च्या आरंभी निघालेल्या ३.८ आवृत्तीपासून ही उडी तेथे होती आणि जानेवारी २०१६ मध्ये परसेप्शन पॉइंट या इस्रायली संस्थेने ती जगापुढे मांडली. तेच जुडगे पुन्हा पुन्हा मागत राहिले की दर खेपेला आकडा एकाने फुगतो. आकडा बत्तीस बिटांचा, म्हणून ४,२९,४९,६७,२९६ खेपांनंतर तो फिरून शून्यावर येतो. आणि शून्य दिसताच कर्नेल वापरातले जुडगे मेले समजून त्याची जागा जमा करतो, जी हल्लेखोर आपल्या मजकुराने भरून टाकू शकतो. इंटेलच्या एका प्रोसेसरवर याला अर्धा तास लागत होता. दुरुस्ती एका ओळीची झाली. गळती हा हळू मारणारा दोष, असे आरंभी म्हटले. येथे गळतीच फिरून पहिला अनर्थ बनली, हे त्या प्रसंगाचे वैशिष्ट्य.

त्यावरचा तोडगा सुरक्षेच्या बाबतीत नेहमीच दहा पावले पुढे असलेल्या आणि तितकाच एकांडा असलेल्या पॅक्स नावाच्या प्रकल्पात आधीच होता. त्याच कल्पनेवरून पीटर झिलस्ट्रा याने रचलेला रेफकाउंट-टी हा नवा प्रकार एप्रिल २०१७ च्या ४.११ आवृत्तीत आला, आणि एलेना रेशेतोवा व तिच्या सहकाऱ्यांनी जुने आकडे शेकड्यांनी त्यात बदलून घेतले. हा आकडा शून्यावरून वर चढत नाही, कारण मेलेल्याचा संदर्भ कोणी घेऊ नये. आणि फार फुगला तर वरच्या टोकाला अडकून बसतो, पुन्हा खाली येत नाही. अडकलेली वस्तू मग कधीच मोडली जात नाही. येथे कर्नेलकारांनी जाणूनबुजून दोन अनर्थांतला एक पत्करला, जागा बुडाली तरी चालेल पण खोखा पुन्हा हुंडी म्हणून पटता कामा नये, आणि माझ्या मते सबंध इतिहासातील हा सर्वांत शहाणा निर्णय होय.

मॅकबेथच्या फेऱ्याचे काय झाले तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. युनिक्स जातीच्या सॉकेटांतून उघड्या फाइली एकमेकांकडे पाठवता येतात, त्यामुळे दोन सॉकेटे परस्परांच्या पोटात अडकून अमर होऊ शकतात. तेवढ्यापुरती मॅकार्थीची झडती लिनक्सलाही आत घ्यावी लागली आणि ती २०२४ साली कुनियुकी इवाशिमा याने टार्जनच्या जुन्या गणनविधीच्या आधारे नव्याने लिहिली.

राहिला प्रश्न जुडग्याच्या प्रसंगातील त्या उडीचा. सी भाषेत कार्याच्या मध्यात काही बिघडले की तोपर्यंत घेतलेले सर्व उलट्या क्रमाने परत करावे लागते, आणि त्यासाठी कार्याच्या तळाशी पायऱ्या लिहून जिथे बिघडले तिथून नेमक्या पायरीवर गोटू या आज्ञेने उडी घेण्याची वहिवाट कर्नेलमध्ये तीस वर्षे चालली. वहिवाट वाईट नव्हती. पण पायरी चुकली की जुडग्यासारखा प्रसंग. जीसीसी या संकलकात, चल राशीची व्याप्ती संपताच ठरलेले कार्य आपोआप चालवण्याची सोय जवळजवळ दोन दशके पडून होती. ती झिलस्ट्रानेच ऑगस्ट २०२३ च्या ६.५ आवृत्तीत रीतसर आणली: घेतानाच परतफेड सांगून ठेवावयाची, मग कार्य कोणत्याही वाटेने संपो, फारखत होतेच, आणि वस्तू दुसऱ्याच्या हवाली करावयाची असेल तर तसे स्पष्ट लिहून हक्क सोडावयाचा. रस्ट भाषा, जिला डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत प्रवेश मिळाला, तीत हा नियम भाषेच्या रक्तातच आहे. तरी कर्नेलमधील रस्टचा सामाईक संदर्भ खाली जाऊन त्याच रेफकाउंट-टीवर उभा आहे.

साठ वर्षांत आकडा तोच राहिला; बदलत गेली ती तो हलवण्याची जबाबदारी. वस्तूकडून ती बोलावणाऱ्याकडे गेली, प्रत्येक चालकाकडून एका सामाईक रचनेकडे, आणि आता लिहिणाऱ्याच्या स्मृतीकडून संकलकाकडे चालली आहे. जेथे जेथे ती अनेकांच्या हातून एकाच्या हाती गेली तेथे चुका कमी झाल्या, आणि प्रत्येक वेळी काही जुने हात नाखूष झाले. ते अजूनही आहेत. नव्या सोयीच्या शिरोभागी लिहिले आहे की एकाच कार्यात ती आणि गोटू यांची सरमिसळ करू नये. उलट कर्नेलच्या जाळेविभागाचे व्यवस्थापक आपल्या लेखी नियमांत या आपोआप साफसफाईविषयी साशंकता नोंदवून, वीस ओळींहून लांब कार्यात तिचे आपोआप सुटणारे कुलूप वापरू नये आणि जुन्या रीतीने उघडझाप केलेलीच थोडी अधिक पसंत, असे सांगतात.